टंकाची मालकी

आमच्या मराठी विभागातील एका निवृत्त सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या जमविल्या होत्या. वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. राहिली ती केवळ संगणकावर टंकलेली एक धारिका. काही वर्षांपूर्वी आम्ही ती उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक कचरा दिसला. ज्या मराठी टंकात ती लिहिली होती, त्याचा परवाना संगणकाला मागून जोडावयाच्या एका कुलपाशी बांधलेला होता. ते कुलूप हरवले होते आणि तो टंक विकणारी मंडळीही धंदा आवरून गेली होती. ओव्या आमच्याच होत्या, पण त्या वाचण्याचा अधिकार आमच्यापाशी उरला नव्हता.

असे का व्हावे? त्या काळचे बहुतेक मराठी टंक रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवीत आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असे. छापील कागदावर मराठी उमटे. संगणकाच्या स्मृतीत मात्र मराठी नसेच. वास्तविक भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ साली मान्य झाले होते आणि त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. परंतु छपाईची व्यापारी साधने त्यानंतरही बराच काळ जुन्या टंकांवरच चालत राहिली.

येथे मराठी मुद्रणाचा इतिहास आठवतो. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांच्या सुबक खिळ्यांची कीर्ती देशभर झाली. तो खिळा जावजींच्या मालकीचा होता, परंतु त्याने छापलेले पुस्तक उघडताना वाचकाला त्यांची परवानगी लागत नसे. व्यापारी आज्ञावलीने ही जुनी वाट मोडली. लेखनसाधनाची मालकी लेखनावरही चालू लागली.

या मालकीला पहिला जाहीर विरोध अमेरिकेत झाला. एमआयटीच्या प्रयोगशाळेतील रिचर्ड स्टॉलमन यांना एका नव्या छपाईयंत्राची आज्ञावली सुधारावयाची होती. तिची मूळ संहिता त्यांना नाकारण्यात आली. १९८३ साली त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली वापरणे, अभ्यासणे, वाटणे आणि बदलणे या चार मोकळिकी त्यांनी मागितल्या. इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाने स्वातंत्र्य आणि फुकटेपणा यांची गल्लत केली, ती आजतागायत निस्तरावी लागते. मराठीजवळ ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ असे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्यच.

पुढची वंशावळ थोडक्यात अशी. नेटस्केपने १९९८ साली आपल्या न्याहाळकाची संहिता खुली केली. त्यातून मोझिला आणि २००४ साली फायरफॉक्स १.० जन्मले. जर्मनीतील ‘स्टारऑफिस’ १९९९ साली सन कंपनीने विकत घेतले, २००० साली त्याची संहिता मुक्त केली आणि त्याचे ‘ओपनऑफिस’ झाले. २०१० साली सन कंपनी ओरॅकलच्या हाती गेली. तेव्हा कार्यकर्त्यांनी तीच संहिता घेऊन ‘लिबरऑफिस’चा वेगळा संसार थाटला. मालक बदलला तरी ग्रंथ वाचकांच्या हाती राहिला, तो मुक्त परवान्यामुळे. या धारिकांची खुली रचना २००६ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली.

हा इतिहास सरळ विजयाचा नव्हे. म्युनिक नगरपालिकेने २००३ साली लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक तिकडे वळविले आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे परतण्याचे ठरविले. उलट, २०२४ साली जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने तीस हजार संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचे जाहीर केले. निर्णय तंत्राचा तितकाच सवयीचा आणि राजकारणाचाही असतो.

सवयीचा जाच आम्हीही अनुभवला. विभागाचे संगणक लिबरऑफिसवर नेले, तेव्हा जुन्या प्रश्नपत्रिकांची पाने सरकली, तक्ते विस्कटले. टंकलेखनयंत्रावर हात बसलेल्या सहकाऱ्यांना इन्स्क्रिप्टचा कळफलक परका वाटला. त्यांची कुरकुर अकारण नव्हती. पण मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवेत, असे म्हटल्यावर मुक्त टंकांत ते कोणालाही घडविता येतात, ही सोय आम्हांस मोलाची वाटली.

आता त्या ओव्यांविषयी. रूपांतर करणारी एक मुक्त आज्ञावली आम्ही आमच्या टंकापुरती सुधारून घेतली. तरीही पहिली वेलांटी आणि रफार भलतीकडे पडत. जुना टंक डोळ्यांना दिसे त्या क्रमाने साठवी, म्हणजे वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवितो. म्हणून प्रत्येक ओवी आम्ही मोठ्याने वाचून तपासली. जी ओवी जात्यावर कानांनी टिकली होती, ती संगणकावरही अखेर कानांनीच सावरली.

शोधप्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही आता एवढेच सांगतो: संदर्भसूची जितक्या काळजीने करता, तितक्याच काळजीने धारिकेचे स्वरूप निवडा. तीस वर्षांनी ती उघडणाऱ्याला कोणाचे कुलूप शोधावे लागू नये.