सीप्झच्या भिंतीबाहेरचं अंधेरी

सीप्झच्या पूर्ण नावात सांताक्रूझ आहे, जागा मात्र अंधेरी पूर्वेची, मरोळच्या एमआयडीसीला लागून. शेजारचा विमानतळ तेव्हा सांताक्रूझच्या नावानं ओळखला जाई. 1973 मध्ये केंद्र सरकारनं हे क्षेत्र खास इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी उभारलं. सुटे भाग जकात न भरता आणायचे, जोडणी करायची आणि तयार माल परदेशी पाठवायचा. जकातीच्या हिशेबात भिंतीच्या आतली जमीन जवळपास परदेशच.

त्या काळी देशात संगणक आणणं परवाने आणि जकातीमुळे जिकिरीचं होतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस टाटा बरोज सीप्झमध्ये आली. पुढे पटनी, मास्टेक यांच्यासारख्या कंपन्यांनीही इथे बस्तान बसवलं. ऐंशीच्या दशकात सोन्या-हिऱ्यांच्या दागिन्यांचे कारखानेही आले.

या इतिहासात निर्यातीचे आकडे भरपूर सापडतात. अंधेरीला काय मिळालं, हा प्रश्न मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कच्चा माल बाहेरून येणार, पक्का माल बाहेर जाणार. मधल्या मध्ये परिसरात उतरतो तो फक्त पगार, आणि तोही माणसाच्या पायांनी फाटकाबाहेर येतो. शेअर रिक्षा, खानावळ, वडापावची गाडी, भाड्याची खोली, पोळीभाजी केंद्र : भिंतीबाहेरची अर्थव्यवस्था ही एवढी, आणि ती रोजच्या ये-जा करण्यावर उभी.

2020 च्या टाळेबंदीनं हे उघडं पाडलं. सॉफ्टवेअरचं काम लॅपटॉपसोबत घरी गेलं. निर्यात चालू राहिली, पगार चालू राहिले. पण ते डोंबिवलीत, विरारमध्ये, कुणाच्या गावी खर्च होऊ लागले. सोनं घरी नेता येत नाही. त्याचा कणाकणाचा हिशेब द्यावा लागतो. त्यामुळे निर्बंध सैल होताच कारागिराला फाटकाशी परतावंच लागलं.

मोठी कंपनी आली की परिसराचं भलं होतं, असं आपण सहज म्हणतो. माझ्या मते कंपनी केवढी, यापेक्षा तिची किती माणसं रोज येतात, हे खानावळवाल्याच्या लेखी मोठं. 2024 पासून सीप्झला भुयारी मेट्रोचं स्थानक आहे. त्यानं येणं सोपं केलं. यायचं की नाही, हे मात्र भिंतीच्या आत ठरतं, आणि तिथे रिक्षावाल्याला कुणी विचारत नाही.