गिटारचं डोकं कोणी उडवलं?

हेडलेस गिटार, म्हणजे मानेच्या टोकाचं डोकं काढून चाव्या शेपटाकडे नेलेली गिटार, कोणी काढली असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: नेड स्टाइनबर्गर, न्यूयॉर्क, १९८० च्या आसपास. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. आकार त्याचा. तो आकार शक्य करणारी युक्ती मात्र त्याच्या दोनशे वर्षं आधी लंडनमध्ये पितळेत घडली होती. ती पोर्तुगालात टिकली आणि फादो या पोर्तुगीज गाण्याबरोबर गोव्यापर्यंत आली. गिटारच्या इतिहासांत तिची नोंद पाहावी तर स्टाइनबर्गरच्या प्रकरणात ती नसते.

मी या वाटेला लागलो तो एका आकड्यामुळे. स्वतःसाठी हेडलेस गिटार आखत होतो आणि हार्डवेअर आयतं न घेता लेथवर पितळेतून करून घ्यायचं ठरवलं होतं. पहिलाच प्रश्न असा की शेपटाकडच्या चावीने तार किती ओढायची? गिटारची सर्वांत बारीक तार ०.२५ मिलिमीटर जाडीची पोलादी. साडेपंचवीस इंची लांबीवर ती सुरात यायला सव्वासात किलोच्या आसपास ताण लागतो. पोलादाच्या लवचीकतेवरून हिशेब केला तर एवढ्या ताणाने तार वाढते जेमतेम ५ मिलिमीटर. जाड, गुंडाळीच्या तारेत ताण पेलतो तो फक्त आतला गाभा, त्यामुळे ती दीड-दोन मिलिमीटरच वाढते. ढिली तार सुरात आणायला एवढंच अंतर पुरतं. मग त्यासाठी खुंटीवर तीन-चार वेढे, दातेरी चक्रं आणि ते सगळं पेलायला वीतभर लांब डोकं कशाला? एक स्क्रू, त्याच्या टोकाला आकडा, आकड्यात तार. काम संपलं.

हे चित्र कागदावर उतरलं आणि लक्षात आलं की ते मी आधी पाहिलंय. गोव्यात फादो अजून गायला जातो, सोनिया शिरसाट यांच्यासारख्या गायिकांनी तो नव्या श्रोत्यांपर्यंत नेला आहे. त्या गाण्याच्या साथीला असते ती गितार्रा, म्हणजे बारा तारांचं पोर्तुगीज वाद्य. तिच्या डोक्यावर मोराच्या पिसाऱ्यासारखा पितळी पंखा असतो. पंख्याच्या कडेला बारा स्क्रू. स्क्रू फिरवला की खाचेतून एक आकडा सरळ रेषेत सरकतो आणि तार ओढली जाते. वेढा नाही, चक्र नाही. हा पंखा उचलून शेपटाकडे बसवला आणि सहा स्क्रूंना सहा तारा लावल्या, की हेडलेस गिटारचं निम्मं हार्डवेअर तयार.

हा पंखा पोर्तुगालचा नाही. जाणकार त्याला प्रेस्टनची चावी म्हणतात, आणि जॉन प्रेस्टन हा अठराव्या शतकातला लंडनचा वाद्यविक्रेता. त्या काळी इंग्लंडात ‘गिटार’ म्हटलं की आजची गिटार नव्हे, तर सहा गटांत दहा तारा असलेलं, नासपतीच्या आकाराचं एक वाद्य समोर येई. घरंदाज बायकांत त्याची मोठी हौस होती. जेमिनियानीसारख्या संगीतकाराने १७६० मध्ये त्यावर शिकवणीचं पुस्तक छापलं. लाकडी खुंट्या सरकतात, सूर उतरतो, ही तक्रार होतीच. त्यावर उपाय म्हणून खुंट्या काढून पितळी पेटी आली: आत समांतर स्क्रू, वर सरकते आकडे, आणि फिरवायला घड्याळाची किल्ली. तेव्हाचं खिशातलं घड्याळ किल्लीनेच भरत, त्यामुळे किल्ली घरात असायचीच. इतके बारीक, एकसारखे आटे पाडण्याची हत्यारं आणि हात त्या काळात घड्याळ करणाऱ्यांकडे होते. पेटीचे स्क्रू त्यांच्याच कारखान्यांत घडले असणार असं मी धरून चालतो.

या पेटीचा खरा जनक कोण, यावर मात्र वाद आहे. प्रेस्टनने वाद्यांवर स्वतःला ‘इन्व्हेंटर’ म्हणवणारा शिक्का ठोकला, म्हणून नाव त्याचं झालं. काही अभ्यासक बोट दाखवतात जॉन फ्रेडरिक हिंट्झकडे. हा जर्मनीतून लंडनला आलेला मोरेव्हियन पंथाचा सुतार, राणी शार्लटचा गिटार बनवणारा, १७७२ मध्ये वारला. वाद्यांआधी त्याचा धंदा होता पितळेचं आणि शिंपल्याचं जडावकाम केलेल्या फर्निचरचा. माझा कौल हिंट्झला. शिक्का सांगतो माल कोणी विकला, डोकं कोणी चालवलं ते नाही. त्या बाजारात कारागीर एक आणि दुकानाचं नाव दुसरं असा प्रकार सर्रास चाले. शिवाय लाकडात पितळ बसवण्याची नजर प्रेस्टनपेक्षा हिंट्झकडे असणं जास्त पटतं. विरोधी बाजू म्हणेल की एवढ्यावर खटला उभा राहत नाही. खरं आहे. तरी मी हिंट्झचा हात सोडत नाही, कारण दोनशे वर्षांनी हेच काम पुन्हा करणारा माणूसही फर्निचरवालाच निघाला.

पेटी पोर्तुगालात कशी गेली? इथे दुसरा वाद. एका बाजूचं म्हणणं, गितार्रा ही त्याच भूमीतल्या जुन्या सितारा नावाच्या वाद्याची लेक आहे, सोळाव्या शतकापासूनची. दुसरी बाजू म्हणते, ती इंग्रजांकडून आली. १७०३ च्या मेथुएन करारानंतर पोर्तोच्या दारूचा व्यापार इंग्रजांच्या हाती एकवटला, व्यापारी कुटुंबं तिथे नांदू लागली आणि त्यांच्या दिवाणखान्यांतून लंडनची वाद्यं गावात उतरली. पोर्तोमध्येच १७९६ मध्ये अंतोनियो द सिल्व्हा लेइत याचं गितार्रा शिकवणारं पुस्तक निघालं. त्यात तो वाद्याचा उगम ग्रेट ब्रिटनमध्ये सांगतो आणि लंडनच्या सिम्पसनची वाद्यं वाखाणतो, वर पोर्तोतल्याच लुईश कार्दोझो सुआरिश सेव्हिल्यानुची वाद्यंही त्यांच्या तोडीची आहेत असं नमूद करतो. एवढा समकालीन साक्षीदार असताना मूळ फक्त स्थानिक धरून बसणं हट्टाचं वाटतं. मी तडजोड अशी करतो: पोट कोणाचंही असो, डोकं लंडनचं. पोर्तुगीज कारागिरांनी किल्लीऐवजी बोटाने फिरणारे स्क्रू दिले आणि पेटीचा पंखा केला. इंग्लंडात ते वाद्य एकोणिसाव्या शतकात मावळलं, पंखा लिस्बन-कोइंब्रात राहिला. जर्मनीतल्या वाल्डझिथर या वाद्यानेही तीच चावी घेतली.

आता माझ्या मुद्द्याचा गाभा. लंडनच्या त्या वाद्याला तारा होत्या धातूच्या. गितार्रालाही धातूच्याच. वाल्डझिथरलाही. स्पॅनिश गिटारच्या तारा मात्र आतड्याच्या. त्याच सरकत्या खुंट्यांवर उपाय म्हणून व्हिएन्नाच्या योहान गेऑर्ग स्टाऊफरने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मळसूत्र आणि दातेरी चक्राची यांत्रिक चावी वापरली. तार मात्र अजून वेढ्यांनीच गुंडाळायची. रोग एक, औषधं दोन. फरक का? आतड्याची तार पोलादाच्या कितीतरी पट ताणली जाते, वर दिवसेंदिवस वाढतच राहते. पाच-सात मिलिमीटर सरकणारा आकडा तिला पुरणारच नाही. स्टाऊफरकडे शिकलेला सी. एफ. मार्टिन १८३३ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि गुंडाळणारी चावी सोबत गेली. पुढे अमेरिकन गिटारला पोलादी तारा लागल्या, फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली, पण डोकं आतड्याच्या जमान्यातलंच राहिलं. तार बदलली, यंत्र बदलायचं राहून गेलं.

तार पोलादी झाली की सूर लावायचं काम शेपटाकडे सरकू लागतं, हे इतर घराण्यांतही दिसतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास व्हायोलिनची सर्वांत उंच तार आतड्याऐवजी पोलादाची होऊ लागली आणि लाकडी खुंटी तिच्यासाठी फार ढोबळ ठरली. म्हणून टेलपीसवर बारीक स्क्रू आला, तोही बहुधा त्याच एका तारेपुरता. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीमागे तारेत ओवलेला मणी हेच काम स्क्रूशिवाय करतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या वाद्यांवर हा मणी नीट पाहा. खुंटीने सूर जवळ आणायचा, मण्याने नेमका लावायचा. सारंगीच्या आतड्याच्या तारांवर असा मणी नसतो. एवढे पुरावे एका रांगेत बसत असतील तर मी त्याला योगायोग म्हणायला तयार नाही.

तरी प्रतिस्पर्धी मतं ऐकून घेऊ. पहिलं तोलाचं. बेस गिटारची मान लांब, तिच्या टोकाला चार जड चाव्या, म्हणून वाद्य खांद्यावर घेतलं की डोकं जमिनीकडे झुकतं. चाव्या शेपटाकडे नेल्या की तोल साधतो. स्टाइनबर्गर वाद्यांकडे वळला तो ब्रुकलिनमध्ये बेस बनवणाऱ्या स्टुअर्ट स्पेक्टरच्या शेजारी सुतारकाम करताना. १९७७ च्या स्पेक्टर बेसचा अंगाला बिलगणारा वक्र आकार त्याचाच. अंगावर वाद्य कसं बसतं हा त्याचा ध्यास होता, त्यामुळे तोलाचं कारण मी नाकारत नाही. पण ते ‘का’चं उत्तर आहे. झुकणाऱ्या मानेचा त्रास आधीच्या सगळ्या बेसवाल्यांना होता, त्यांनी डोकं कापलं नाही. ‘कसं’ हा प्रश्न अडून होता.

दुसरं मत कार्बन फायबरचं. स्टाइनबर्गरची बाजारात आलेली पहिली हेडलेस बेस कार्बन फायबर आणि इपॉक्सीची होती, म्हणून लोक दोन्ही गोष्टी एकच समजतात. पण आज बहुतेक हेडलेस गिटारी लाकडाच्या आहेत आणि उत्तम वाजतात. कार्बनने मान ताठ केली, डोकं उडवलं नाही.

तिसरं मत अमेरिकन गिटारवादक लेस पॉलचा दाखला देणारं. त्याने स्टाइनबर्गरच्या कितीतरी आधी अ‍ॅल्युमिनियमची बिनडोक्याची गिटार केली होती, चाव्या शेपटाकडे. रंगमंचावरच्या दिव्यांखाली धातू तापे आणि सूर ढळे, म्हणून ती मागे पडली. हा पुरावा माझ्याविरुद्ध वाटतो, पण आकडा मांडा. साडेपंचवीस इंची अ‍ॅल्युमिनियम १० अंशांनी तापलं की साधारण ०.१५ मिलिमीटर वाढतं. ज्या जाड तारेची सगळी वाढच दीड-दोन मिलिमीटर, तिला एवढ्याने जवळपास अर्धा स्वर हलवायला पुरतं. पोलादी तारेचं सगळं राज्य मिलिमीटरच्या अंशांवर चालतं, हेच लेस पॉलच्या अपयशातूनही दिसतं.

चौथं मत सर्वांत तगडं: फ्लॉइड रोझ. १९७९ च्या त्याच्या पेटंटमध्ये तार नटपाशीच, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीपाशीच, घट्ट आवळली जाते. पुढे ब्रिजवर बारीक सूर लावायचे स्क्रू आले. आवळल्यावर डोक्यावरच्या चाव्यांना काम उरत नाही. म्हणजे याच वर्षांत अमेरिकेत दोन माणसं एकाच जागी पोचत होती. रोझने डोकं मारलं पण ठेवून दिलं, स्टाइनबर्गरने ते उतरवलं. मला हे प्रतिस्पर्धी मत वाटत नाही, तो माझाच साक्षीदार आहे.

स्टाइनबर्गरचं श्रेय यानं कमी होत नाही. १९४८ चा हा माणूस, पुढे १९८८ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या जॅक स्टाइनबर्गरचा मुलगा, शिकला कला आणि वळला फर्निचरकडे. त्याने लंडनची पेटी पाहून नक्कल केली असं मी म्हणत नाही. पोलादी तारेपुढे विचारी सुताराला बसवलं तर तो त्याच स्क्रूपाशी पोचतो, एवढाच माझा दावा. त्याची स्वतःची भर दोन गोष्टींची: दोन्ही टोकांना गोळी असलेली तार, म्हणजे वरच्या टोकाला अडकवायला खाच पुरे, आणि पुढचा ट्रान्सट्रेम हा ब्रिज, ज्यात सहाही तारा ठरावीक प्रमाणात ओढल्या जाऊन अख्खा स्वरमेळ वरखाली सरकतो. १९८६ च्या ‘५१५०’ या अल्बममध्ये गिटारवादक एडी व्हॅन हॅलनने तो वापरला. स्वीडनच्या ओला स्ट्रँडबर्गने २००७ च्या सुमारास घरी गिटार आखताना प्रत्येक तारेसाठी वेगळा छोटा ब्रिज आखला, आणि तिथून लाकडी हेडलेस पुन्हा चलनात आली.

करून पाहणाऱ्यासाठी या कुळकथेतून सरळ हिशेब निघतो. ४ मिलिमीटरच्या साध्या स्क्रूच्या आट्याचं अंतर ०.७ मिलिमीटर. बारीक तारेवर त्याचा एक फेरा म्हणजे अर्ध्या स्वराहून थोडा जास्त, हे सोयीचं. जाड तारेवर तोच फेरा तीनेक अर्धस्वर चढवतो, म्हणून तिथे बारीक आट्याचा स्क्रू घ्यावा. सहा तारांचा मिळून ताण ४५ किलोच्या घरात, तो सगळा शेपटाकडच्या एका ठोकळ्यावर आणि लाकडात जाणाऱ्या त्याच्या स्क्रूंवर येतो. फिरवायची मूठ थेट ठोकळ्यावर घासली तर बोटं दुखतात, मध्ये बारीक थ्रस्ट बेअरिंग घालावं. आकड्याची धाव १० ते १२ मिलिमीटर ठेवावी: पाच ताणासाठी, उरलेली तार आवळताना राहिलेल्या ढिलाईसाठी.

ज्याला माझा सिद्धांत मान्य नसेल त्याला तो खोडायची वाटही सांगतो. आतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारांचं, वेढा न घेता नुसत्या सरळ ओढीच्या स्क्रूवर पूर्ण सुरात येणारं एक जुनं, रूढ वाद्य दाखवा. तोवर गिटारचं डोकं उडवल्याचा आरोप मी पोलादी तारेवरच ठेवणार, आणि पहिला सहआरोपी हिंट्झ.