गुगेनहाइम संग्रहालयाची वास्तू आणि कलामांडणी

सॉलोमन आर. गुगेनहाइम संग्रहालय हे अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरात असलेले आधुनिक व समकालीन कलेचे संग्रहालय आहे. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी रचलेली त्याची इमारत २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लोकांसाठी खुली झाली. संग्रहालयाची वास्तू कलाकृतींना आधार देते की त्यांच्यावर कुरघोडी करते, या वादात या इमारतीचे उदाहरण हमखास दिले जाते.

रचना

संस्थेच्या पहिल्या संचालिका हिला रिबे यांनी १९४३ मध्ये राइट यांना या कामासाठी पाचारण केले. एका दालनातून दुसऱ्या दालनात जाण्याची रूढ पद्धत राइट यांनी मोडली आणि मधल्या मोकळ्या जागेभोवती घुमटापर्यंत चढत जाणारा एकच सलग, सर्पिल उतार रचला. प्रेक्षकांनी लिफ्टने वर जावे व चित्रे पाहत सावकाश खाली उतरावे, ही त्यामागील कल्पना. भिंती वक्र असून बाहेरच्या बाजूस कललेल्या आहेत. चित्रे त्यांना टेकून, ईझलवर ठेवल्यासारखी किंचित मागे झुकलेली असावीत, असा राइट यांचा हेतू होता.

आक्षेप

बांधकाम सुरू असतानाच, १९५६ मध्ये, २१ कलावंतांनी संग्रहालयाकडे लेखी निषेध नोंदवला. विलेम डी कूनिंग, फ्रान्झ क्लाइन व रॉबर्ट मदरवेल हे त्यांपैकी होत. आक्षेप केवळ अभिरुचीचा नव्हता. चित्राची चौकट काटकोनी आणि पायाखालची जमीन तिरपी असल्याने सरळ टांगलेले चित्रही वाकडे भासू शकते. अंतर्वक्र भिंतीवर मोठे सपाट चित्र नीट बसत नाही. कडा टेकतात, मध्ये पोकळी राहते. छत बुटके असल्याने उंचीवरही मर्यादा येते.

राइट एप्रिल १९५९ मध्ये निधन पावले. तत्कालीन संचालक जेम्स जॉन्सन स्वीनी यांनी भिंतीतून पुढे आलेल्या धातूच्या दांड्यांवर चित्रे उभी बसवली. राइट यांच्या मूळ कल्पनेला ही बगलच होती, पण चित्रे सरळ दिसू लागली. सपाट भिंतींची अधिक दालने मात्र १९९२ मध्ये जोडइमारत झाल्यावरच मिळाली. नागपूर येथे जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे २०१४-१५ मधील सिंहावलोकन प्रदर्शनही मुख्य उतारावर नव्हे, तर जोडदालनांत मांडले होते.

कलावंतांचा प्रतिसाद

१९७१ मध्ये फ्रेंच कलावंत डॅनियल ब्युरेन यांनी मधल्या पोकळीत सुमारे २० मीटर उंचीचे पट्टेदार कापड टांगले. त्यामुळे आपल्या कलाकृती झाकल्या जातात, अशी तक्रार डोनाल्ड जड व डॅन फ्लेविन या सहभागी कलावंतांनी केली आणि उद्घाटनापूर्वीच ते उतरवण्यात आले. या प्रसंगात तंटा वास्तूशी नव्हे, तर कलावंतांचा आपापसात झाला, हे विशेष. इटालियन कलावंत मॉरिझियो कॅटेलान यांनी २०११ मधील आपल्या प्रदर्शनात भिंती पूर्णतः रिकाम्या ठेवल्या आणि शंभराहून अधिक कलाकृती घुमटाखाली दोरांनी लटकवल्या.