आज्ञापत्र

मराठी राज्यनीतीवरील अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील गद्यग्रंथ. कोल्हापूरचे छत्रपती संभाजी यांच्या नावे निघालेल्या या ग्रंथाचे कर्तृत्व रामचंद्रपंत अमात्य (बावडेकर) यांच्याकडे दिले जाते. शिवकाळापासून कारभार पाहिलेल्या पंतांनी राजाराम महाराज जिंजीस असताना ‘हुकुमतपनाह’ म्हणून महाराष्ट्रातील राज्य सांभाळले. ग्रंथातील उपदेशाला म्हणूनच अनुभवाचे वजन आहे.

राज्य कशासाठी, याचे ग्रंथातील उत्तर स्पष्ट आहे: ते ईश्वराने राजाकडे सोपवले ते प्रजेच्या रक्षणासाठी, त्याच्या सुखोपभोगासाठी नव्हे. हे तत्त्व ग्रंथ थेट व्यवहारात उतरवतो. आरमाराला लाकूड लागतेच. पण रयतेने लेकरासारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, एखादे जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. राज्याच्या निकडीलाही रयतेच्या संमतीची मर्यादा घालणारा हा भाग ग्रंथात सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. सावकार राज्याचे भूषण, त्यांना पेठा वसवून द्याव्यात. टोपीकरांची, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांची, मात्र गोष्ट वेगळी: त्यांच्या व्यापारामागे त्यांचे राजे उभे असतात, म्हणून वखारीला जागा देणे भागच पडले तर ती समुद्रकिनाऱ्यापासून आत द्यावी. वतनदारांना फार वाढू देऊ नये, बुडवूही नये. दुर्गांवर स्वतंत्र, विस्तृत प्रकरण आहे.

प्रजेने राजाला जाब विचारण्याची सोय ग्रंथात नाही. अंकुश आहे तो धर्माचा आणि राजाच्या स्वतःच्या विवेकाचा.