संगणकजन्य नेत्रताण

संगणकाच्या पडद्याकडे तासन्‌तास पाहिल्याने डोळ्यांना येणारा शीण. डोळे चुरचुरणे, कोरडे पडणे, मधूनच अंधुक दिसणे, कपाळ व मान दुखणे ही त्याची लक्षणे. यामुळे दृष्टी कायमची अधू होत नाही. मात्र रोजचे काम नकोसे होते.

मुख्य कारणे दोन. माणसाच्या पापण्या एरवी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवतात; पडद्यावर नजर खिळली की हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते आणि बुबुळावरचा अश्रूंचा थर सुकतो. दुसरे, जवळचे स्पष्ट दिसावे म्हणून डोळ्यातील भिंगाभोवतीचा स्नायू सतत आवळलेला राहतो.

नवी मुंबईतील द्रोणागिरी (ता. उरण, जि. रायगड) येथे हा शीण कामातूनच येतो. १९८९ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरामुळे या भागात कंटेनरची आवारे, म्हणजे सीएफएस, व त्यांची कार्यालये उभी राहिली. कंटेनरचा क्रमांक चार अक्षरे व सात अंकांचा असतो. त्यांतला शेवटचा अंक पडताळणीचा. एखादा अंक चुकला की नोंद अडते. म्हणून नोंद करणाऱ्याची नजर कागद आणि पडदा यांमध्ये दिवसभर येरझारा घालते, आणि दोन्हींचे अंतर वेगळे असेल तर भिंगाला दर वेळी नव्याने जुळवून घ्यावे लागते. कागद टेबलावर आडवा न ठेवता पडद्याशेजारी, तेवढ्याच अंतरावर टेकूला उभा करावा. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही, आणि दुर्लक्षितही हाच.

पडदा डोळ्यांपासून हातभर लांब व नजरेपेक्षा किंचित खाली असावा. खिडकी पाठीमागे किंवा थेट समोर नको. एसीचा झोत तोंडावर नको. देवनागरीतील रफार व अनुस्वार बारीक असतात. डोळे बारीक करून वाचण्यापेक्षा अक्षर मोठे करावे. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडे पाहावे. अमेरिकन दृष्टितज्ज्ञ जेफ्री आन्शेल यांचा हा नियम आहे. खिडकीतून द्रोणागिरीचा डोंगर दिसत असेल, तर नजर तिथेच टेकवावी.

चाळिशी लागलेल्यांची अडचण निराळी. वाचनाचा चष्मा पुस्तकाच्या अंतराचा, पडद्याच्या नव्हे. प्रोग्रेसिव्ह भिंगांतून पडदा वाचायला हनुवटी वर करावी लागते व मान आखडते. पडद्याचे अंतर मोजून नेत्रतज्ज्ञांना सांगावे व त्यानुसार नंबर घ्यावा. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांची जाहिरात फार होते. परंतु २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात अल्पकालीन ताण कमी होण्यास त्यांचा विशेष उपयोग आढळला नाही. ते पैसे योग्य नंबरच्या भिंगांवर खर्च करणे शहाणपणाचे.

कोरडेपणावर कृत्रिम अश्रूंचे थेंब चालतात. स्टेरॉइड असलेले थेंब मात्र औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घालू नयेत. त्यांनी डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही.