शरीराला पेन्शन नसते

मोठेबाबांच्या उजव्या पायाचा अंगठा कापला तो १९९८ सालच्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. आठवडाभर आधी शेतात बाभळीचा काटा घुसला होता. त्यांना कळलंच नाही. साखरेने पायाची जाणीव गेली होती.

आमचं गाव पुलगावजवळ. दारूगोळ्याच्या डेपोमुळे फौजी माणूस आमच्याकडे नवलाईचा नाही. मोठेबाबा १९६३ मध्ये, चीनच्या युद्धानंतरच्या मोठ्या भरतीत महार रेजिमेंटमध्ये गेले. पासष्ट आणि एकाहत्तर, दोन्ही लढाया पाहिल्या. १९८० मध्ये पेन्शनवर आले तेव्हा वय होतं जेमतेम छत्तीस. त्यानंतर एका जिनिंगमध्ये चौकीदारी. बारा तास खुर्चीवर. भूक मात्र लंगरातलीच राहिली! १९९१ मध्ये डॉक्टरांनी साखर सांगितली तेव्हा ते हसले होते. "अबे, पाठीवर वजन घेऊन मैलोगणती धावलेला माणूस आहो मी. मले काय होते?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्याच मागे लागून थोडं वाचलं, ते इथे मांडतोय.

गंमत म्हणजे सुश्रुताने हा रोग ओळखला होता आणि उपाय सांगितला तो जवळजवळ फौजेच्या पीटीचाच. कुस्ती खेळा, घोड्यावर-हत्तीवर बसा, पायी फिरा, शस्त्रांचा सराव करा. आणि गरीब असाल तर अनवाणी, भिक्षा मागत शंभर योजनं चाला, नाहीतर विहिरी खणा.

मधली कित्येक शतकं सोडून देऊ. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या बसगाड्यांवरचा अभ्यास छापला. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात फौजेचा डॉक्टर होता. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. अभ्यास साखरेचा नव्हता, पण खुर्चीवर पहिला मोठा संशय तिथे आला. मला लगेच जिनिंगच्या गेटवरची ती खुर्ची आठवली.

साखरेबद्दलचा ठोस पुरावा आला २००२ मध्ये, अमेरिकेतून. साखर वाढू लागलेली, पण मधुमेह न झालेली तीन हजारांवर माणसं. आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम आणि थोडं वजन कमी, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्के. साठीच्या पुढच्यांना तर चालण्याचा फायदा सगळ्यांत जास्त झाला. पुढे २००८ मध्ये तिथल्याच पंधरा हजारांवर माजी सैनिकांच्या ट्रेडमिल चाचण्यांचा अभ्यास आला. ज्यांचा दम चांगला, ते जास्त जगले. मोजला होता तो चाचणीच्या दिवसाचा दम. पलटणीत कधी किती धावला होतात, हे यंत्राला कळत नाही.

असं का? आपण खाल्लेली साखर साठवण्याची मोठी जागा म्हणजे स्नायू. स्नायू काम करतो तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतो, आणि नंतरही काही काळ इन्शुलिनचं जास्त ऐकतो. पण हा असर एक-दोन दिवसांत ओसरतो. म्हणजे व्यायाम ही रोजंदारी आहे. आज केलं, आजचं मिळालं. मोठेबाबा मात्र सतरा वर्षांच्या नोकरीवर शरीराची पेन्शन मागत होते.

त्यांचा एकट्याचा दोष नाही. साखर आजोबांनाही होती, ती रक्तातूनच आली. आणि फौज पहाटे शिट्टी वाजवून उठवते. गावात कोण वाजवणार? माजी सैनिकांसाठी ईसीएचएस योजना २००३ मध्ये सुरू झाली, तोवर मोठेबाबांचा अंगठा गेला होता. ती योजना औषधपाणी देते, पण शिट्टी तिच्याकडेही नाही.

आता खरं कारण सांगतो. आमचा धाकटा चुलतभाऊ पुढच्या वर्षी फौजेतून परत येतोय. वय अडतीस. एका बँकेच्या दारावरची नोकरी म्हणे आत्ताच ठरली आहे. तीही खुर्चीचीच! आणि मी? आयुष्यभर कॉम्प्युटरसमोर बसलेला. गेल्या महिन्यात माझी उपाशीपोटीची साखर ११२ निघाली.

तेव्हा भाऊ, तू हे वाचशीलच. १९३६ च्या एप्रिलमध्ये गांधीजी आपल्या वर्ध्याहून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, चालत गेले. वय सहासष्ट. तू अडतीस, मी अठ्ठेचाळीस. रस्ता तोच आहे. तू आलास की पहाटे साडेपाचला निघू. शिट्टी तू वाजव, कारण मला तशी सवय नाही.

आणि हो, बूट घालून. काट्याचं लक्षात आहे ना?