गण आठच का?

वृत्ते शिकवताना 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र आपण मुलांकडून पाठ करून घेतो. त्यातली कोणतीही लागोपाठची तीन अक्षरे घेतली की एक गण मिळतो. यमाता म्हणजे य गण, मातारा म्हणजे म गण. असे आठ गण होतात. नऊ का नाहीत, असे मात्र क्वचितच कोणी विचारते. एका जागी लघू किंवा गुरू, असे दोनच पर्याय, जागा तीन, म्हणून २×२×२. हा प्रश्न मराठीच्या तासाचा की गणिताच्या? पिंगलाच्या छंदःसूत्रात हे दोन्ही तास एकत्रच भरतात.

पिंगलाचा काळ अभ्यासक इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकात धरतात. अक्षरे मोजून पद्य रचायचे, तर अमुक अक्षरांच्या चरणाचे एकूण नमुने किती, आणि आपल्या यादीतून एखादा सुटला तर नाही ना, हे त्याला जाणायचे होते. त्यासाठी त्याने 'प्रस्तार' दिला. पहिल्या ओळीत सगळे गुरू मांडायचे. पुढच्या ओळीसाठी डावीकडून पहिला गुरू शोधून त्याखाली लघू लिहायचा, त्याच्या उजवीकडचे जसेच्या तसे उतरवायचे, डावीकडे गुरू भरायचे. सगळे लघू झाले की थांबायचे. तीन अक्षरांचा प्रस्तार करून पाहावा: म, य, र, स, त, ज, भ, न हा गणांचा पारंपरिक क्रम आपोआप मिळतो.

आता 'मनाचे श्लोक' घेऊ. वृत्त भुजंगप्रयात, चार य गण, चरणाची अक्षरे १२. (ओवी-अभंगात लघुगुरूचे बंधन नसते, केवळ अक्षरसंख्या पाहतात, तिथे हा हिशेब लागू नाही.) बारा अक्षरांचा प्रस्तार कागदावर करू नये. पुढे केदारभट्टाने 'वृत्तरत्नाकरा'त प्रस्ताराला लागणारी जागाही सांगितली आहे: एक ओळ एक अंगुळ, दोन ओळींत एक अंगुळ मोकळे, म्हणजे नमुन्यांच्या दुपटीत एक कमी. बारा अक्षरांना ८१९१ अंगुळे, म्हणजे ३४१ हातांहून अधिक!

म्हणून पिंगलाने न मांडता मोजण्याची रीत दिली. संख्या सम असेल तर निम्मी करून 'दोन' ही खूण लिहायची. विषम असेल तर एक वजा करून 'शून्य'. १२ वरून ६, ३, २, १, ०. खुणा दोन, दोन, शून्य, दोन, शून्य. मग एकपासून उलटे यायचे: शून्याला दुप्पट, दोनला वर्ग. १ चे २, ४, ८, ६४, ४०९६. बारा वेळा दुप्पट करण्याचे काम पाच पायऱ्यांत झाले.

इथे थोडे सावध राहायला हवे. पिंगलाने द्विमान अंकपद्धती शोधली, संगणकाचा पाया घातला, असे शाळांच्या भित्तिपत्रकांवर वाचायला मिळते. वरच्या रीतीतले शून्य ही पायरीची खूण आहे. स्थानिक किमतीचा अंक नव्हे. लघुगुरूंची पद्धतशीर मांडणी आणि घात काढण्याची ही जलद रीत एवढेच त्याच्या नावावर ठेवले, तरी ते थोडे नाही.

दुसरी बाजूही आहे. बारा अक्षरांत नेमके चार लघू असलेले नमुने किती? भुजंगप्रयात त्यांतला एक. उत्तर ४९५, आणि ते मिळते आपल्या पुस्तकांतल्या 'पास्कलच्या त्रिकोणा'तून. पास्कलचा प्रबंध छापला गेला १६६५ साली. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलावरील टीकेत हाच त्रिकोण 'मेरुप्रस्तार' म्हणून स्पष्ट सांगितला आहे: वर एक घर, खाली दोन, मग तीन, कडेच्या घरांत एक, मधल्या घरात वरच्या दोन घरांची बेरीज. पिंगलाचे मूळ सूत्र फारच त्रोटक आहे, म्हणून मेरूचे श्रेय हलायुधाला द्यावे असे आम्हाला वाटते. इराण आणि चीनमध्येही हा त्रिकोण पास्कलच्या कितीतरी आधी माहीत होता. यांग हुईचे पुस्तक १२६१ चे आहे.

पाच अक्षरांचा प्रस्तार फळ्यावर मावतो. ओळी बत्तीस. लघूंच्या संख्येप्रमाणे मुलांना त्या वेगळ्या करायला सांगाव्यात: १, ५, १०, १०, ५, १.